आवाज कुठवर आला?

घरातली यंत्रे दोन तऱ्हांनी रुसतात. काही आरडाओरडा करून रुसतात, तर काही अबोला धरून. मिक्सर बिघडला तर जळका वास सुटतो, पंखा बिघडायला आला की आठ दिवस आधीपासून कुरकुरतो, आणि पाण्याचा पंप शेवटचा एक हुंकार दिल्याखेरीज देह ठेवीत नाही. अशा यंत्रांचा मला राग येत नाही. त्यांचे पोटातले ओठावर येते. दुसरी जात मात्र मोठी कठीण. दिवा लागलेला असतो, बटणे जागच्या जागी असतात, पडद्यावर कसलीही तक्रार नसते, आणि काम तेवढे होत नसते! काय झाले म्हणून विचारावे, तर 'कुठे काय?' असा चेहरा. संसाराचा थोडाफार अनुभव असलेल्या वाचकांना या दुसऱ्या प्रकारच्या रुसव्याचे वर्णन अधिक करून सांगायला नको.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी असाच एक रुसवा झाला. रुसणारी होती एक लहानशी पेटी. शाळेच्या कंपासपेटीहून थोडी मोठी. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आमची कन्या महाविद्यालयात शिकते आणि फावल्या वेळात कथा-कविता वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करते. त्यासाठी तिने शिष्यवृत्तीच्या पैशांतून ही पेटी आणि एक मायक्रोफोन आणला. पेटीचे काम ऐकायला सोपे आहे. मायक्रोफोनातून येणारा विजेचा अगदी दुबळा तरंग ती बळकट करते, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्याची मोजणी करते, आणि त्या मोजणीचे आकडे यूएसबी तारेने संगणकाच्या हवाली करते. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानी मुलखात जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत आमच्या औरंगाबादचे एक होते. आवाज टिपण्यासाठी त्या काळी जो सरंजाम लागत असे, तो आता माझ्या मुलीच्या टेबलावर पाणी पिण्याच्या तांब्याशेजारी मावतो.

आमचे घर औरंगपुऱ्यात. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. औरंगपुरा मात्र आमच्या तोंडी औरंगपुराच राहिला. एका बाजूला भाजीमंडई, दुसऱ्या बाजूला महात्मा फुले चौक, चार पावलांवर पुस्तकांची दुकाने आणि नाथमंदिर. इथे ध्वनिमुद्रण करणे म्हणजे एस. टी. स्टँडवर ध्यानाला बसणे. त्यातून दिवाळी! तरीही दिवाळीतच मुद्रण करायचे ठरले, कारण आत्या दिवाळीपुरतीच आली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढे. पैठणकडच्या एका खेड्यात तिचे सारे आयुष्य गेले. वडील गेल्यानंतरही भाऊबीजेला ती न चुकता येते. भाऊ नसला तरी भावाचे घर आहे, असे तिचे म्हणणे. पाडव्याच्या संध्याकाळी सौ.ने चटणीसाठी मिक्सर काढला, तेव्हा आत्याने तो हातानेच बाजूला सारला आणि माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढायला लावला. वरवंटा फिरू लागला आणि त्याच्या लयीत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणू लागली. कन्येने कान टवकारले. त्या ओव्या होत्या. जात्यावरच्या.

पोरीने धावत जाऊन पेटी, मायक्रोफोन, संगणक असा सारा संसार स्वयंपाकघरात आणला. दोन ओव्या टिपल्या, ऐकल्या. सुरेख आल्या होत्या. मग कुकरने तिसऱ्या ओवीच्या जागी शिट्टी दिली, आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी शांतपणे करायचे ठरले. आत्याला परवाच्या सकाळी पैठणच्या गाडीने परत जायचे होते. म्हणजे हातात होता एक दिवस.

भाऊबीजेच्या सकाळी तयारी तर दृष्ट लागण्यासारखी झाली. मागची खोली निवडली. खिडकीला गोधडी टांगली. पंखा बंद केला. आत्याला गादीच्या खुर्चीवर बसवले, समोर मायक्रोफोन उभा केला. ती नाही-होय करीत दोन शब्द बोलली. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ उमटायची, ती उमटेना. रेघ सरळच्या सरळ, माळवदाच्या सरासारखी! पेटीचा दिवा मात्र लागलेला. संगणकाची तक्रार नाही, सूचना नाही, काही नाही.

आता आपल्याकडे घरात यंत्र बिघडले की पहिल्यांदा यंत्र उघडत नाहीत. पहिल्यांदा दार उघडते. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले आणि त्यांनी सारा दोष आमच्या अर्थिंगला दिला. गेली पंधरा वर्षे या वाड्यातल्या प्रत्येक बिघाडाचे ते हेच कारण सांगत आले आहेत. शेजारचे वकीलसाहेब आले. पेटीची पावती जपून ठेवली आहे काय, एवढेच त्यांनी गंभीरपणे विचारले. भाऊबीजेला आलेला माझा मेहुणा म्हणाला, "टाका ती, नवी घ्या. हल्ली कोणी दुरुस्त करतं का?" सौ.चा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत सभ्य: "एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघ." तो केला. गुण आला नाही. कोणीतरी मोबाईलवर एका गृहस्थाचे व्याख्यान लावले. त्याचा उपदेश असा की, पेटी आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारा जो ड्रायव्हर नावाचा कार्यक्रम असतो, तो समूळ काढून नव्याने बसवावा.

कन्येने सर्वांचे ऐकून घेतले आणि कोणाचेही मानले नाही. ती म्हणाली, "बाबा, पाच जणांनी पाच गोष्टी बदलल्या, तर सुरू झालं तरी कशानं झालं ते कळणार नाही. आणि नाही झालं तर पाच बिघाड होतील. एका वेळी एकच गोष्ट. आधी आवाज कुठवर येतो ते बघू."

हे 'कुठवर' मला फार आवडले. 'का येत नाही' हा प्रश्न तिने विचारलाच नाही. 'का' म्हटले की माणूस तर्क लढवू लागतो. 'कुठवर' म्हटले की त्याला उठून जाऊन बघावे लागते.

पहिल्यांदा तिने संगणकातले जुने गाणे लावले. पेटीला जोडलेल्या हेडफोनात ते स्वच्छ ऐकू आले. म्हणजे पेटीला वीज मिळते आहे, यूएसबीची तार धड आहे, संगणक पेटीला ओळखतो आहे. बाहेर जायचा रस्ता खुला होता. बिघाड होता तो आत यायच्या रस्त्यावर.

मग तिने त्या रस्त्याचा मध्य धरला. पेटीवर आवाज कमीजास्त करायचे जे बटण असते, त्याच्याभोवती एक बारीक कडे उजळते. आवाज आत आला की हिरवे, फार झाला की तांबडे. तिने मायक्रोफोनपुढे टाळी वाजवली. कडे हिरवे झाले! या एका हिरव्या कड्याने अर्धे आरोपी निर्दोष सुटले. मायक्रोफोन, त्याची जाड तार, त्याला लागणारा ४८ व्होल्टचा दाब, आवाजाचे बटण, या सर्वांना घरी जायची परवानगी मिळाली. इंजिनिअरसाहेबांच्या अर्थिंगलाही.

इथे एक गंमत झाली. मेहुण्याने हेडफोन कानाला लावला, मायक्रोफोनात "हॅलो" म्हटले आणि तो ओरडला, "अरे, येतंय की ऐकू! उगाच काय गोंधळ घातलाय?" त्याचे खरे होते. परंतु अशा पेट्यांत एक सोय असते. बोलणाऱ्याला आपला आवाज विनाविलंब ऐकू यावा म्हणून पेटी तो संगणकाकडे न नेता थेट हेडफोनात सोडते. मेहुण्याला ऐकू आले ते पेटीच्या अंगणातून परत फिरलेले होते. संगणकाच्या उंबऱ्यापर्यंत ते गेलेच नव्हते. आपले आपल्याला नीट ऐकू आले म्हणजे ते दुसऱ्यापर्यंत पोचले, अशी समजूत सभेत भाषण करणाऱ्यांचीही पुष्कळदा होते.

आता उरला संगणक. कार्यक्रमाने आवाज घ्यायचा तो याच पेटीतून, की संगणकाच्या अंगच्या छोट्या मायक्रोफोनातून? पाहिले, पेटीचेच नाव निवडलेले होते. पेटी सेकंदाला ४८,००० मोजण्या करते आणि कार्यक्रम ४४,१०० च्या हिशेबात बसला आहे, असे तर नाही ना? दोन्हीकडे ४८,०००. मग तिने ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम मिटवला आणि परगावी बोलण्यासाठी वापरतो तो दुसरा कार्यक्रम उघडून त्यात पेटीचा आवाज घेऊन पाहिला. तिथे तो आला! म्हणजे आवाज संगणकाच्या घरात पोचत होता. एका विशिष्ट खोलीत तेवढा जात नव्हता.

त्या खोलीच्या दाराशी शेवटी उत्तर सापडले. हल्लीच्या संगणकांत एक दरवान बसवलेला असतो. तुमचे बोलणे कोणत्या कार्यक्रमाने ऐकावे आणि कोणत्या नाही, याची यादी त्याच्याजवळ असते. सोय चांगली आहे. भिंतींनाच नव्हे, आता खिशालाही कान असतात. रात्री आम्ही झोपेत असताना मुद्रणाच्या कार्यक्रमाने स्वतःची नवी आवृत्ती बसवून घेतली होती. सकाळी दरवानाने त्याला नवखा इसम समजून यादीतून वगळले. आणि या दरवानाची रीत मोठी चमत्कारिक. तो 'आत येऊ देत नाही' असे म्हणत नाही. तो आवाजाच्या जागी निव्वळ शांतता पाठवतो! कार्यक्रम ती शांतता इमानेइतबारे लिहून घेतो. म्हणून तक्रार कुठेच नव्हती. कन्येने यादीतली कळ सरकवली, कार्यक्रम मिटवून पुन्हा उघडला, टाळी वाजवली. रेघ उड्या मारू लागली. सारा तपास तासाभराचा. खर्च शून्य.

मला कौतुक वाटले, तरी आश्चर्य वाटले नाही. कारण आमच्या शहराची तहान याच विचाराने भागत आली. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, आणि पुढे तिच्यासाठी डोंगराकडचे पाणी जमिनीखालून गावात आणले. ती नहर-ए-अंबरी. जमिनीखालचा रस्ता दिसत नाही, म्हणून त्यावर जागोजाग माणूस उतरेल अशी तोंडे ठेवली. हौदात पाणी आले नाही तर हौद फोडून काय उपयोग? एक तोंड उघडून बघावे, पाणी दिसले तर गावाकडचे पुढचे उघडावे. एका तोंडाशी पाणी आहे आणि पुढच्याशी नाही, म्हणजे तुंबले ते या दोहोंच्या मध्ये. खाम नदीच्या काठी अठराव्या शतकातली आमची पाणचक्की आहे. दुरून भूमिगत नळाने येणारे पाणी उंचावरून पडते आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरते. ती चक्की थांबली, तर दोष दगडात शोधायचा नसतो. पाणी कुठवर आले ते पाहायचे असते.

असो. पेटी बोलू लागली. पण आता आत्या बोलेना!

"म्हण ना आत्याआजी, कालच्या सारखं," कन्या म्हणाली.

आत्या खुर्चीवर अवघडून बसली होती. हात मांडीवर. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मान हलवली. "न्हाई येत, माय. गेलं ते."

आम्ही हवालदिल झालो. सौ. हळूच म्हणाली, वय झालं, आता किती आठवणार? वकीलसाहेब म्हणाले, त्यांना संकोच वाटत असेल, आपण बाहेर जाऊ. मेहुणा म्हणाला, एखादी ओवी आपणच सुरू करून देऊ. पुन्हा तेच. पाच जण आणि पाच उपाय. आणि पुन्हा तीच शांतता, दिवा लागलेली. आत्याचे डोळे लख्ख होते, चेहऱ्यावर ओळखीचे हसू होते, तब्येतीची कुरकुर नव्हती. फक्त रेघ सरळ होती.

कन्या तिच्या पायाशी बसली आणि काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काल काय होतं, जे आज नाही?"

काल वरवंटा होता.

आत्या एकदम मोकळी हसली. "आगं, तेच की! मला काय पाठ येत न्हाई. हात फिरला की तोंड फिरतं. जातं न्हाई तर ववी कशी यील?"

बघा, आम्ही तिला खुर्ची दिली, गादी दिली, पंखा बंद करून शांतता दिली. आणि ज्या वाटेने तिच्या ओव्या येतात ती वाटच बंद करून टाकली. आमच्या पिढीने म्हाताऱ्या माणसांना आराम देताना बहुधा हेच केले. त्यांच्या हातातले काम काढून घेतले, आणि मग त्या बोलत नाहीत, त्यांना आठवत नाही, असे म्हणू लागलो.

जाते कुठून आणायचे, हा प्रश्न औरंगपुऱ्यात अर्ध्या तासात सुटला. तळमजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांच्या जिन्याखाली एक होते. लग्नात हळद दळायला तेवढे ते बाहेर निघायचे. टाकी लागून कित्येक वर्षे झालेली. चौघांनी मिळून ते दोन दगड दुसऱ्या मजल्यावर चढवले. ओव्या पहाटेच्या, असे आत्याने बजावले. ते आमच्याही सोयीचे होते, कारण पहाटे मंडईत टेंपो येण्याआधी तास-दीड तास औरंगपुरा खरोखरीच झोपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आत्या एक पाय पसरून जात्याशी बसली. मूठभर गहू घातले. त्या मुठीला ती 'वैरण' म्हणते. खुंटा धरला. दगड घरघरले, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी, मग तिच्या पाठोपाठ तिसरी, गाठोडे सुटावे तशा. पैठणच्या नाथाच्या, पंढरीच्या वाटेच्या, सासरच्या, लेकीच्या. पेटीवरचे कडे तांबडे झाले, कारण जात्याचा आवाज दांडगा. कन्येने बटण उतरवले, मायक्रोफोन तिच्या तोंडाजवळ सरकवला. जाते थांबवले मात्र नाही. ती घरघर हा तिथे गोंगाट नव्हताच. तो त्या गाण्याचा तंबोरा होता.

मधेच एका ओवीत माझ्या वडिलांचे नाव आले.

मी दाराशी उभा होतो. आत्याने ती ओवी कधीतरी स्वतःच जोडलेली. भाऊ दिवाळीला न्यायला आला आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरे आहेत, वाटेत ओढ्याला पाणी आहे आणि तो गाडीतून उतरून पाण्याचा अंदाज घेतो आहे, असे काहीसे. मी वडिलांना पाहिले ते कचेरीतून थकून येणारे, हिशेबाच्या वहीत मान घालणारे, कमी बोलणारे. वीस वर्षांचा, बहिणीसाठी ओढ्यात उतरणारा हा तरुण मला ठाऊकच नव्हता. वडील गेले तेव्हा त्यांच्या वस्तू आम्ही वाटून घेतल्या: घड्याळ, चष्मा, पेन. हा एक माणूस मात्र आत्याकडे राहून गेला होता, आणि पैठणच्या गाडीने तो त्या दिवशी परत जाणार होता.

ओव्या लिहून ठेवण्याचे काम महाराष्ट्रात मोठमोठ्यांनी केले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये त्या जमवल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संग्रहासाठी आयुष्य वेचले. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; पुढे बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले, आणि २०१७ पासून 'पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' ने त्या सर्वांना ऐकता येतील अशा खुल्या करायला सुरुवात केली. लाख ओव्या! तरी त्यांत माझ्या आत्याचा ओढा नाही, आणि तुमच्या आजीची विहीर नसेल. त्या आपापल्या घरीच सापडायच्या. कागदावर शब्द राहतात. कोणत्या शब्दापाशी आवाज थांबला आणि जाते तेवढे फिरत राहिले, हे कागदाला सांगता येत नाही.

त्या सकाळी चाळीसएक ओव्या मिळाल्या. कन्येने त्याच दिवशी त्यांच्या तीन प्रती केल्या: एक संगणकात, एक वेगळ्या डबीत, एक परगावी माझ्या भावाकडे. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण एकाच यंत्रावर ठेवू नये, असे ती म्हणते. आत्या दहाच्या गाडीने गेली. जाताना तिने दळलेले पीठ पिशवीत भरून सौ.च्या हाती दिले. एवढा वेळ हात फिरवला तो फुकट जाऊ नये म्हणून.

इंजिनिअरसाहेबांना जाते परत न्यायला अजून चौघे मिळालेले नाहीत. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ते बसले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला ठेच लागते. या दिवाळीआधी साफसफाई करताना सौ.ने ते हलवायचा विषय काढला, आणि दोनच दिवसांनी आत्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, पावसाचे झाले, गुडघ्यांचे झाले. शेवटी म्हणाली, "भाऊबीजेला येते. गहू निवडून ठिवा. आन् तेवढी जात्याला टाकी लावून घ्या रं, लई जड फिरतंय."